आठ दिवस उजव्या हातावर

महाडच्या बाजारात घड्याळाचा विषय निघाला की एखादा जुना माणूस अजून म्हणतो, "आपल्याकडं एक कंट्रोलर होता. हात सोन्याचा. पण शेवटी एका जावयाच्या घड्याळातलं मशीन काढून घेतलंन म्हणे."

हे खोटं आहे. त्यांनी कुणाचं काही काढून घेतलं नाही. मला ते पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि ज्या दिवशी ते मोठ्याने सांगायला हवं होतं त्या दिवशी मी त्यांच्याच ओट्यावर बसून गप्प राहिलो. माझं वय आता शहात्तर. झालं ते सगळं लिहिणार आहे, पण आधी तो माणूस कसा होता ते सांगितलं पाहिजे. नाहीतर मी नुसतं माझंच रडगाणं गातोय असं होईल.

मी त्यांच्या माडीवर एकोणीस वर्षं भाड्याने राहिलो. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कचेरीत कारकून होतो. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली, आधी पोलादपूरला आणि नंतर महाडला. त्यांना नावाने कोणीच ओळखत नसे. पोस्टमनसुद्धा फाटकातून "कंट्रोलर!" अशीच हाक मारी.

नोकरीतून ते निवृत्त झाले, त्यांचा आवाज झाला नाही. संध्याकाळी अंगणातून घोषणा होई, "माडीवरच्या भाडेकरूंनी लक्ष द्यावे. पाण्याची मोटर सहा वाजून दहा मिनिटांनी बंद होईल." आणि सहा दहाला ती बंद होई, मग वर कुणाच्या अंगाला साबण असो. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना त्याच सुरात उत्तर देत. "कंट्रोलर, तुमची जेवणाची गाडी लागलेली हाय. आमटी गार झाल्यास आगार जबाबदार नाय."

याच वहिनींना त्यांनी एकदा पोलादपूरच्या स्टँडवर मागे ठेवलं होतं. माहेरच्या लग्नाला निघालेल्या वहिनी कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन धावत येत होत्या, वीस पावलं उरली होती, आणि यांनी शिट्टी दिली. गाडी सुटली. वहिनींनी ही गोष्ट मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी कंट्रोलर शांतपणे म्हणत, "सात चाळीसची गाडी. सात एकेचाळीस झाले होते."

पण याच माणसाने एकदा पोलादपूरहून महाडला येणारी गाडी अकरा मिनिटं थांबवून धरली होती. वरच्या वाडीतल्या सहा मुली दहावीच्या पेपरला यायच्या होत्या आणि वाटेत ओढ्याला पाणी आलं होतं. ड्रायव्हर ओरडत होता, प्रवासी ओरडत होते. मुली आल्या, बसल्या, गाडी गेली. मग कंट्रोलरनी रजिस्टर उघडलं. विलंबाच्या रकान्यात रस्ता, पाऊस, टायर असं काहीही लिहिता आलं असतं. त्यांनी लिहिलं, "विलंबाचे कारण : मी." साहेबांनी बोलावून विचारलं तर म्हणाले, "खरं कारण लिहायचा रकाना हाय ना तो?"

घड्याळांचा नाद त्यांना कसा लागला ते मला नक्की माहीत नाही. कुठल्या दुकानात शिकले नव्हते. स्टँडवरचं भिंतीवरचं घड्याळ सारखं मागे पडायचं, ते उघडून बघता बघता हात बसला, असं ते सांगत. मी राहायला गेलो तेव्हा ओट्यावर एक बुटकं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, आणि औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत ठेवलेले स्क्रू असा संसार मांडलेला होता. पैसे घेत नसत. वेळ मात्र देत. "मंगळवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी न्यायला या." दहा पंचवीसला आलेल्या माणसाला परत पाठवत. "तुम्हाला घड्याळाची गरज हाय हे कळलं. आता गुरुवारी दहा वीसला."

घड्याळ हातात आलं की आधी ते दातांत धरत. डोळे मिटत, मान जरा कलती करत. कानापेक्षा दातांना जास्त ऐकू येतं असं त्यांचं म्हणणं होतं. नवीन गिऱ्हाईक दचके. एका बाईने तर, "अहो, खाऊ नका वो, माझ्या नवऱ्याची हाय," असं म्हटलेलं मी ऐकलं आहे.

आणि शेवटची परीक्षा उजव्या हातावर. डाव्या हातावर त्यांचं स्वतःचं घड्याळ असे. दुरुस्त केलेलं दुसऱ्याचं घड्याळ आठ दिवस उजव्या मनगटावर बांधून ते फिरत. रोज सकाळी दोन्ही हात जुळवून वेळ ताडून बघत. बायकांची बारकी सोनेरी घड्याळंही त्या केसाळ मनगटावर चढत आणि भाजीबाजार हिंडून येत. कुणी हसलं तर म्हणत, "ओट्यावर ठेवलेली घड्याळ कशीही चालते. पिशवी उचलली, बस पकडली, भांडण केलं, तरी चालली पाहिजे. आठ दिवस माझ्या हातावर चालली तर तुमच्या हातावर चालंल."

माझ्या देखत महाडला दोन मोठे पूर आले. त्यातल्या पहिल्या पुरात बाजारपेठेत घराघरांत चिखल भरला. पाणी उतरल्यावर लोक आपापली घड्याळं फडक्यात बांधून त्यांच्या फाटकाशी रांग लावून उभे होते. घरात अजून चिखल होता. वहिनी खराट्याने तो लोटत होत्या आणि कंट्रोलर ओट्यावर बसून एकेकाच्या सासऱ्याचं, बापाचं, लग्नातलं घड्याळ उघडून वाळवत होते. कित्येक महिने त्यांच्या उजव्या हाताला सुट्टी मिळाली नाही.

आता माझी गोष्ट.

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. धाकटा भाऊ तिथे भात-नाचणी करतो. त्याच्या मुलीचं, माझ्या पुतणीचं लग्न मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरलं. आमच्याकडे साखरपुड्याला जावयाच्या हातात मुलीकडच्यांनी घड्याळ बांधायचं असतं. भाऊ काळजीत होता. मुलाच्या मामाने सुचवून ठेवलं होतं की पोरगा हौशी आहे, परदेशी ऑटोमॅटिक बघा. हे मामा महाडचेच, बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. मी बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालो, "घड्याळ माझ्याकडून. शोरूममधनं घेतो, कंपनीच्या."

शोरूममध्ये जाऊन किंमत बघितली आणि माझे डोळे फिरले. तेव्हा मुंबईतला आमच्या वाडीचाच एक गाववाला म्हणाला, "काका, शोरूम कशाला? मी ज्या बिल्डिंगीत लिफ्टवर हाय तिथं तिसऱ्या माळ्यावर एक शेठ हाय. ग्रे मार्केट बोलतात. माल सेम टू सेम. तिसरा हिस्सा कमी."

मी घरी येऊन कंट्रोलरना विचारलं. ते एका मास्तरांच्या घड्याळाचं मागचं झाकण बसवत होते. त्यांनी ते पुरं बसवलं, भिंग काढलं, मग बोलले. मला ते दोघं भाऊच म्हणत.

"खोटी नसते ती घड्याळ, भाऊ. लोक समजतात डुप्लिकेट असते. तसं नाय. बाहेरच्या देशात एखाद्या दुकानदाराकडं माल पडून राहतो, तो मागच्या दारानं सोडतो. फिरत फिरत मुंबईत येतो. घड्याळ खरी, पण कंपनी तिला ओळख देत नाय."

"मग बिघडली तर?"

"तर शेठ. त्याची गॅरंटी त्याचा फोन लागतोय तोवर. मागचा नंबर घासलेला आहे का बघा. गॅरंटीचं कार्ड कोरं आहे का बघा. आणि सगळ्यात मोठं, आत कुणी हात घातलाय का ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाय."

"पण शेठ ओळखीचा आहे. आपला गाववाला त्याच बिल्डिंगीत लिफ्टवर आहे."

कंट्रोलर खो-खो हसले. वहिनींना हाक मारून त्यांनाही ऐकवलं. "ऐकलंस? लिफ्टवाला गाववाला म्हणून घड्याळ पक्की! अहो भाऊ, त्याची गॅरंटी तिसऱ्या माळ्यापर्यंत. तिथं तो दरवाजा उघडणार आणि खाली जाणार."

मला ते लागलं. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्वतःला घ्यायची असती तर बोललो असतो, घ्या. पैसे वाचतात, बंद पडली तर माझ्याकडं आणा, कंपनीची ऐट कशाला पायजे? मी पण घेतली असती. पण ही दुसऱ्याच्या हातात बांधायची हाय. धोका तुम्ही पत्करणार आणि निस्तरायला जावई जाणार. ते नको. नाहीतर सरळ सांगून द्या, की बाबा, अशी अशी घेतलीय."

सरळ सांगणं मला शक्य नव्हतं. मी शोरूम म्हणून बसलो होतो. आणि खरं सांगायचं तर गाववाल्याच्या शब्दावर माझा कागदापेक्षा जास्त विश्वास होता. आमच्या डोंगरातल्या माणसांचं असंच आहे. मुंबईत नोकरी, खोली, डॉक्टर, सगळं आम्ही कुणाच्या तरी ओळखीनेच मिळवलं. शेठला मी ओळखत नव्हतो, पण लिफ्टवरच्या पोराच्या आजाला ओळखत होतो. तेवढं पुरे वाटलं.

मी घड्याळ घेतलं. सुंदर होतं. कार्डावर दुकानाच्या नावाची आणि तारखेची जागा कोरी होती. शेठ म्हणाला, "तुम्ही भरा." मी घरी बसून शोरूमचं नाव माझ्या वळणदार अक्षरात भरलं. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

ते रोज तीन मिनिटं पुढे जायला लागलं. साखरपुड्याला पंधरा दिवस होते. मी गुपचूप कंट्रोलरकडे नेलं. त्यांनी दातांत धरलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग झाकण काढून भिंग लावलं.

"आत कुणीतरी जाऊन आलंय," ते म्हणाले. "स्क्रूंना ओरखडे आहेत. मशीन याच जातीचं, पण या घड्याळाबरोबर जन्मलेलं नाय. परत द्या."

मी शेठला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "खोललं कुणी? बाहेर खोललं तर आमची गॅरंटी संपली." फोन ठेवला. पुढे तो लागलाच नाही. नंतर कधी गेलो तर त्या तिसऱ्या माळ्यावर व्हिसाचे फॉर्म भरून देणारी कचेरी होती, आणि लिफ्टवाला गाववाला दुसऱ्या बिल्डिंगीत गेला होता.

कंट्रोलरनी मला एका शब्दाने टोचलं नाही. घड्याळ साफ केलं, वेळेवर आणलं, आणि नेमाप्रमाणे आठ दिवस उजव्या हातावर बांधून महाडभर फिरले. सगळ्या बाजाराने ते चकचकीत घड्याळ त्यांच्या हातावर पाहिलं. साखरपुड्यात मी ते जावयाच्या हातात बांधलं. टाळ्या वाजल्या.

दीड वर्षाने ते बंद पडलं. जावयाने कंपनीच्या सेंटरवर नेलं. तिथे सांगितलं की कार्ड आमच्या दुकानाचं नाही, आणि आतलं मशीन बदललेलं आहे. मशीन बदलल्याचं तेवढं कानावर येऊन पुढच्याच रविवारी मुलाचे मामा आमच्या वाडीत भावाच्या पडवीत येऊन बसले. मलाही बोलावलं होतं.

"घड्याळ कुठनं घेतलीत?" मामांनी विचारलं.

"शोरूममधनं," मी म्हणालो.

"मग शोरूमवाला मशीन बदलंल का? मधे कुणाच्या हातात दिली व्हती?" आणि माझं उत्तर यायच्या आधी त्यांचं त्यांनाच आठवलं. "थांबा! तुमचा तो घरमालक! माझ्या दुकानासमोरनं आठ दिवस तीच घड्याळ घालून फिरत व्हता. मी माझ्या डोळ्यांनी पायलाय. चांगलं मशीन काढून घेतलंन आणि भंगार घातलंन!"

भाऊ माझ्याकडे बघू लागला. पुतणी दाराआड उभी होती. मी समोरचा तांब्या उचलला आणि पाणी प्यालो. खरं सांगितलं तर सासरी पोरीला ऐकून घ्यावं लागेल, हे मी मनात धरलं, आणि आजवर तेच धरून होतो.

मामा तिथून थेट कंट्रोलरच्या ओट्यावर आले. मी बरोबर होतो. वहिनींनी सगळ्यांना लाडू दिले, कारण त्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं. मामांनी आवाज चढवून सगळं सांगितलं. रस्त्यावर चार माणसं थांबली.

कंट्रोलरनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मशीन मी बदललेलं नाय. ही घड्याळ कुठनं आली ते ज्याला ठाऊक हाय, त्यानं सांगावं. मी एक मिनिट थांबतो."

डावा हात वर करून ते घड्याळाकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यांनी नाव घेतलं असतं तर मी कबूल झालो असतो, असं मला अजून वाटतं. पण ते घेणारे नव्हते. माझ्या हातात अर्धा लाडू होता. त्या मिनिटात मी तो खाऊन संपवला.

"झालं," कंट्रोलर म्हणाले, आणि आत गेले.

त्यानंतरही ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. मोटरची घोषणा होत राहिली. मलाच ते सोसेना. सहा महिन्यांनी पाणी कमी येतं असं सांगून मी दुसरीकडे खोली घेतली. निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "पाणी कमी येत नव्हतं, भाऊ." एवढंच.

ओट्यावरची माणसं हळूहळू आटली. कुणी तोंडावर काही बोलत नसे. घड्याळं मात्र येईनाशी झाली. मग परवाचा, दुसरा मोठा पूर आला. पाणी उतरल्यावर मी मुद्दाम त्यांच्या घरावरून गेलो. कंट्रोलरनी टेबल धुऊन ओट्यावर मांडलं होतं. झाकणं ओळीने लावली होती. भिंग गळ्यात होतं. फाटकाशी एक माणूस नव्हता. मी मान खाली घालून पुढे गेलो.

गेल्या वर्षी ते गेले.

मी पुतणीला फोनवर सांगितलं, "कंट्रोलर गेले गो." ती म्हणाली, "काका, त्या कार्डावरचं अक्षर तुमचं होतं ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाचवीपासून माझे सगळे फॉर्म तुम्हीच भरलेत. मी बघता क्षणी ओळखलं. मामा यायच्या आधीच आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मामा सोडून. सासूबाई बोलल्या, जाऊ दे, नात्यात कशाला वाईटपणा."

"तुला त्रास दिला का गं कुणी?"

"मला कशाला देतील? यांनी तर फोनशी जोडायचं घड्याळ घेतलंन महिन्याभरात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाय बोललात?"

ज्या पोरीसाठी म्हणून मी गप्प होतो तिला माझ्या गप्प राहण्याची काही गरजच नव्हती. आम्ही सगळे आपल्या माणसांना जपत होतो. कंट्रोलर आमचे कुणी नव्हते, म्हणून सगळं त्यांच्यावर जाऊन पडलं.

गेल्या महिन्यात मी वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. शेठ, कार्ड, फोन, पाणी, लाडू, सगळं. मला रडू येत होतं. वहिनींनी सुपातून मान वर केली नाही.

"मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच हाय. यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"वहिनी, माफी..."

"माफी ऱ्हाऊ दे. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा." आणि शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "अगो, इकडं ये जरा! हे भाऊ काय सांगतायत ते ऐक!"

शेजारीण आली. मी परत सांगितलं. मग समोरचा किराणावाला आला. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "परवाच्या पुरात माझ्या बापाची घड्याळ बुडाली. चावी फिरत नव्हती. इथं आणायची म्हणून फाटकापर्यंत आलो, आणि मशीन काढून घेतील म्हणून परत फिरलो. तशीच चिखलाबरोबर टाकून दिली वो." तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि फोन लावला. "मामा, दुकान जरा पोराच्या ताब्यात द्या आणि इकडं या. नाय, भांडी नको. काम हाय. भाऊ बसलेत."

पंधरा मिनिटांनी मामा आले. वय झालंय त्यांचंही, काठी टेकत फाटकातून आत शिरले आणि मला बघून थबकले. "काय वो, इतक्या वर्षांनी?" म्हणत पायऱ्या चढू लागले. रस्त्यावर दोघं-तिघं थांबले होते. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

मामा बसायच्या आतच मी उठून उभा राहिलो आणि बोलायला लागलो.